विस्मारचं अक्षर

एकोणीस वर्षं मी लिहितो आहे
एका शहरातर्फे दुसऱ्या शहराला.
मायना ठरलेला: सन्माननीय, सुज्ञ, आमचे परमस्नेही.
आणि लगेच खाली भांडण.

आमचं मीठ, त्यांची बिअर.
ते म्हणतात, पिंपं अपुरी भरता.
आम्ही म्हणतो, तुमच्या धक्क्यावर फुटतात.
लूनेबुर्गच्या नगरसभेत मीठभट्ट्यांचे मालक
सगळे एकदम बोलतात,
आणि मी कोपऱ्यात बसून
त्यांच्या शिव्यांना अंघोळ घालतो, भांग पाडतो.
आत जातो 'हरामखोर',
बाहेर येतं 'आम्हांस काहीसे आश्चर्य वाटले'.

तिकडेही असाच कुणी बसलेला.
नाव ठाऊक नाही. शहर सही करत नाही,
मेण ओतून शिक्का मारतं.
पण अक्षर ओळखीचं:
उंच दांड्या डावीकडे कललेल्या,
वारा अंगावर घेणाऱ्या शिडांसारख्या.
ओळ अपुरी राहिली की उरलेल्या जागेत एक रेघ,
टोकाला माशाची शेपटी.
एका हिवाळ्यात मी माझ्या ओळीअखेर
तीन ठिपके ठेवले, मिठाच्या खड्यांसारखे.
वसंतात त्याच्या माशामागे तीन ठिपके आले.
त्या वर्षी दोन्ही शहरांचा अबोला होता.

मग गोडेके फ्रेझे बुडाला.
आमचा माणूस, विस्मारात चारशे मार्कांची उधारी
आणि रातोरात पसार.
कायदा जुना आहे:
एकाचं देणं, ते अख्ख्या गावाच्या कपाळी.
तर त्यांनी वेशीतून आत आलेलं
पहिलं लूनेबुर्गी माणूस धरलं.
वोबेके. सुया विकते. पाठीवर टोपली.
फ्रेझेला तिने जन्मात पाहिलेला नाही,
त्याच्या बायकोला एकदा दाभण विकलं होतं, तेही उधार.

टीडेके जासूद पत्र घेऊन आला,
गुडघ्यापर्यंत चिखल.
अक्षर दुसरंच होतं.
सरळ, कोवळं, घाईचं. मासा नाही.
मी पत्र मोठ्याने वाचलं, आवाज हलू दिला नाही.
मेला असेल, मनात म्हटलं.
विचारणार कुणाला? शहरं एकमेकांच्या
कारकुनांची खुशाली विचारत नाहीत.

सभा म्हणाली, आपणही एक धरू.
सगळी धर्मशाळा पालथी घातली.
विस्मारचं एकच माणूस निघालं:
एक म्हातारा, मनगट आखडलेलं,
शिशाच्या कढयांवरच्या खारट वाफेत
हात शेकायला आठवडाभर आलेला.
शिपायांनी त्याला तसाच ओल्या बाहीने आणला.

नोंदवहीत नाव घाला, मी म्हटलं.
त्याने बोरू डाव्या हाताने उजव्या मुठीत बसवला,
आणि शाईतून हळूहळू
शिडं डावीकडे कलू लागली.
मार्क्वार्ड टॉल्नर.
नाव लहान. ओळ बरीच उरली होती.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
सवयीने शेपटी काढली.

मी काही बोललो नाही. शिपाई उभे होते.
वाळू टाकली, ती थोडी जास्तच पडली.

रात्री बुरुजात गेलो. गरम बिअर, त्यांच्याच गावची,
आणि विस्मारला धाडायच्या पत्राचा मसुदा:
तुमचा एक नागरिक आमच्या ताब्यात,
वोबेके सुटेल तर तोही सुटेल, वगैरे.
त्याने कागद दिव्याशी नेला.
स्वतःवरचं पत्र
दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचलं.
पेला खाली ठेवला.

"'आश्चर्य' नको," म्हणाला,
"आमच्याकडे ते फार झोंबतं.
'खेद' लिही.
आणि त्या बाईच्या सुया मोजून परत मागा,
मी नसलो की तिथे कुणी मोजत नाही."